साठ दिवसांचा प्रोग्रॅम आणि साडेनऊचा कॉल

सतराव्या दिवशी सकाळी सव्वासहाला दाराची बेल वाजली. मी हॉलमध्ये गुडघे छातीपर्यंत उचलत जागच्या जागी पळत होतो. टीव्हीवर एक घामाघूम माणूस इंग्रजीत ओरडत होता की अजून दहा सेकंद, थांबायचं नाही, आता थांबलास तर आयुष्यभर थांबशील.

दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. डोळे लाल.

“अरे बाळा, रोज पहाटे तुमच्याकडे मिरचीचं कांडप बसवलंय का?”

मी धापा टाकत काहीतरी बोललो. त्या म्हणाल्या, “ह्यांचं ऑपरेशन झाल्यापासून रात्रभर झोप नसते त्यांना. पाचला कुठं डोळा लागतो, की सहाला तुझं सुरू. पंखासुद्धा हलतो रे आमचा.”

मी सॉरी म्हणालो, दार लावलं आणि सोफ्यावर बसलो. छाती बराच वेळ धडधडत राहिली. समोरचा माणूस अजून ओरडतच होता, कारण मी थांबलोय हे त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. मी टीव्ही बंद केला. अठरावा दिवस उजाडलाच नाही.

हा लेख त्या सोडून देण्याच्या बाजूनं आहे. आळशी माणसाचं रडगाणं म्हणून वाचायचा असेल तर खुशाल वाचा. मीही पहिले दोन आठवडे स्वतःला तेच म्हणत होतो. पण नंतर राग आला, आणि तो राग स्वतःवरून दुसरीकडे सरकला. का सरकला ते सांगतो.

*

सुरुवात एका रिपोर्टपासून. आमच्या कंपनीत वर्षातून एकदा हेल्थ चेकअप असतो. बसची वाट बघतात तसं रांगेत उभं राहायचं, रक्त द्यायचं, सँडविच खायचं. माझं एचबीएवनसी ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसचा उंबरठा. वय २८. आईला चाळिशीतच शुगर निघाली होती, त्यामुळे हा आकडा बघून मला जे वाटलं ते ज्यांच्या घरात फ्रिजमध्ये इन्सुलिन असतं त्यांना सांगायला नको.

डॉक्टर साधे होते. म्हणाले, जेवणातला भात-पोळीचा ढीग कमी करा, रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला, आणि रात्री वेळेवर झोपा. तीन महिन्यांनी बघू.

मला अपमान वाटला. खरंच. चाला? चालणं हे आमच्या सोसायटीतले रिटायर्ड काका करतात, माकडटोपी घालून. मी इंजिनिअर आहे, प्रॉब्लेम मोठा असेल तर सोल्यूशन मोठं हवं. शिवाय चालायला वेळ कुठून आणायचा? झोपायला कुठून आणायचा? त्या रात्री कॉल संपल्यावर साडेअकराला मी एक प्रोग्रॅम विकत घेतला. साठ दिवस, आठवड्यातले सहा दिवस, रोज ४० ते ५० मिनिटं, उपकरण काही नको, दोन मीटर जागा पुरे.

त्याचं नाव इथे देत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि सगळे एकाच हाडाचे आहेत.

हे हाड तसं आमच्या ओळखीचं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये सिनेमांच्या हार्ड डिस्क फिरायच्या, त्यात एका फोल्डरमध्ये हमखास टोनी हॉर्टनचा ‘पी नाइन्टी एक्स’ आणि शॉन टीचा ‘इन्सॅनिटी’ असायचा. पहिला नव्वद दिवसांचा, दुसरा, २००९ साली आलेला, साठ दिवसांचा. एकाच अमेरिकन कंपनीचे. त्याआधी १९८२ मध्ये जेन फोंडाची व्हिडिओ कॅसेट आली होती, घरात टीव्हीसमोर व्यायाम करायची सवय लावण्यात तिचा मोठा हात. पण फोंडाची कॅसेट लावायची आणि वाटेल तेव्हा बंद करायची. पुढच्या पिढीनं तिच्यात एक कॅलेंडर घातलं, शेवटची तारीख घातली, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो घातला. व्यायामाचं प्रोजेक्ट झालं. आता तेच ॲपमध्ये आहे, सोबत स्ट्रीक आहे, आणि एक दिवस चुकला तर नोटिफिकेशन येतं, तेही दुखावलेल्या सुरात.

*

व्यायाम कसा होता ते सांगतो, कारण त्याची टिंगल करणं सोपं आहे आणि ते मला करायचं नाही.

पहिल्या दिवशी फक्त चाचणी. एका मिनिटात किती उड्या, किती बर्पी, किती जोर, सगळं मोजून लिहायचं. माझे जोर नऊ झाले. दहावा अर्ध्यात अडकला आणि मी गालावर पडलो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून आडवा उतरलो, खेकड्यासारखा. मांड्या अशा भरून आल्या होत्या की कमोडवर बसायचं म्हणजे भिंतीला हात लावून, देवाचं नाव घेऊन. चौथ्या दिवशी उलटी झाली. पाचव्या दिवशी ऑफिसात स्टँडअप मीटिंगला मी बसून होतो.

पण नवव्या दिवशी काहीतरी झालं. सगळा सेट न थांबता पार पडला. आंघोळ करून बाल्कनीत आलो, समोर बांधकामाच्या क्रेन आणि मागे कोवळं ऊन, आणि मला अगदी विनाकारण छान वाटलं. अंगातून कोणीतरी गोणपाट काढून घेतल्यासारखं. त्या एका सकाळसाठी मी आजही त्या प्रोग्रॅमचा कृतज्ञ आहे. जोरानं व्यायाम केला की शरीर सुधारतं यात शंका नाही, आणि ज्याला जमतं त्यानं जरूर करावा.

माझं भांडण जोराशी नाही. जोर कशाच्या बदल्यात विकला जातो, त्याच्याशी आहे.

*

आधी जरा त्या बर्पीचं बघू. खाली बसा, पाय मागे फेका, जोर काढा, पाय पुढे आणा, उडी मारा. या व्हिडिओंचं हे राष्ट्रगीत. तिचा जनक रॉयल बर्पी हा अमेरिकन माणूस, १९४० च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करत होता. माणूस किती तंदुरुस्त आहे हे पटकन बघायला त्यानं एक छोटी चाचणी काढली. खाली बसा, पाय मागे, पाय पुढे, उभे राहा. जोर नाही, उडी नाही. हे चार वेळा करायचं, आधी आणि नंतर नाडी मोजायची. बस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं ती उचलली आणि तिथून ती लांबत, वाढत गेली. म्हणजे थर्मामीटर होता तो. आपण त्याचं औषध केलं आणि दिवसाला शंभर वेळा घ्यायला लागलो.

टबाटाचंही तसंच. ‘२० सेकंद जोरात, १० सेकंद आराम, चार मिनिटांत काम खल्लास’ हे तुम्ही ऐकलं असेल. इझुमी टबाटा या जपानी संशोधकाचा मूळ निबंध १९९६ चा. ती पद्धत स्पीड स्केटिंगच्या एका प्रशिक्षकाची, टबाटांनी तिचा अभ्यास केला. त्यात भाग घेणारी मुलं कोण? शारीरिक शिक्षणाचं शिकणारी तरुण मुलं, म्हणजे आधीच चांगली कमावलेली. करायचं काय? एका जागी बसवलेली सायकल मारायची, उड्या नाहीत, टाइल्सवर गुडघे आपटणं नाही. आणि आठवड्याच्या पाच दिवसांतल्या एका दिवशी तर तीच मुलं आधी अर्धा तास बऱ्यापैकी निवांत सायकल चालवायची आणि मग थोडेच फेरे करायची. निवांत अर्ध्या तासाचं रील कोण बघणार? तो भाग गळाला. उरलं ते ‘चार मिनिटं’.

आमच्या क्षेत्रात हे रोज घडतं. काम नीट चाललंय का बघायला एक माप ठरवायचं, आणि सहा महिन्यांनी सगळी टीम काम सोडून मापाच्याच मागे. टिकिटं बंद होतात, बग तिथेच. मला वाटायचं हा आजार फक्त सॉफ्टवेअरला आहे.

*

मी सांगलीकडचा. माझे मोठे काका लहानपणी तालमीत जायचे. फार मोठे मल्ल वगैरे नाही, गावच्या जत्रेत नारळावरची कुस्ती खेळण्याइतपत. दिवाळीत त्यांना मी हा प्रोग्रॅम फोनवर दाखवला. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, “ह्यो तुला बघतोय का?”

“नाही काका, रेकॉर्डेड आहे.”

“मग थांब कोण म्हणतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. तालमीत वस्ताद असतो. नव्या पोराला तो पहिले कितीतरी दिवस हौदातली माती उकरायला लावतो. जोर किती, बैठका किती हे तो पोराकडे बघून ठरवतो, वाढवतो, आणि एखाद्याचा श्वास बिघडलेला दिसला की कोपऱ्यात बसवतो. आणि पैलवान दुपारी झोपतो. पहाटे मेहनत, मग खुराक, मग झोप, मग पुन्हा मेहनत. झोप हा मेहनतीचाच भाग. काका म्हणाले, आमचा वस्ताद जागरण करून आलेल्या पोराला आखाड्यात पाऊल ठेवू द्यायचा नाही.

तालमीच्या आठवणींनी गहिवरायचं मला कारण नाही. तिथं माझ्या आत्याला कधी पाऊल टाकू दिलं नसतं, आणि वस्तादाच्या हातची थप्पड हाही शिक्षणाचा भाग होता. पण एवढं खरं की जास्तीत जास्त जोर करून घेणाऱ्या त्या जुन्या व्यवस्थेत आराम देणारा एक माणूस समोर बसलेला असायचा. व्हिडिओनं फक्त जोर घेतला. ‘तुमच्या शरीराचं ऐका’ ही सूचना सुरुवातीला बारीक अक्षरात येते, चार सेकंदात जाते, आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं शरीराचं ऐकणारा कसा भित्रा असतो हे ओरडून सांगितलं जातं. सवय नसताना अचानक अति व्यायाम केला तर स्नायू फुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं, लघवी कोकाकोलासारखी गडद होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. क्वचित होतं, पण होतं, आणि झालं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं. हे मला प्रोग्रॅम सोडल्यावर कळलं. घेताना कुपन कोड तेवढा कळला होता.

*

आता मुद्द्यावर येतो.

माझा दिवस असा होता. सकाळी नऊला वाकडहून निघायचं, हिंजवडीत पोचायला सवा तास. दहा-सव्वादहा ते सात ऑफिस. परत सवा तास. जेवण. साडेनऊ ते साडेदहा अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल, तो अकरापर्यंत लांबणारच, मग त्यातून निघालेलं काम. झोपायला साडेबारा. प्रोग्रॅमसाठी उठायचं पावणेसहाला. पाच तास झोप, आणि तीही अंग ठणकत असताना.

मी हा सगळा खटाटोप कशासाठी करत होतो? रक्तातल्या साखरेसाठी. आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये शिकागोच्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग आला होता: ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, आणि त्यांच्या शरीराची साखर हाताळायची क्षमता स्पष्टपणे घसरली. अकरा माणसांचा प्रयोग आहे, त्यावर अख्खा बंगला बांधायला नको. पण झोप आणि साखर यांचा संबंध डॉक्टरांना नवा नाही. माझ्या डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली तिसरी झोपच होती. साखर कमी करायला मी झोप कमी केली होती. एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकत होतो, आणि मधल्या मधे फी भरत होतो.

मग मला प्रश्न पडला की मी हे का केलं. मूर्ख तर मी नाही. उत्तर असं की माझ्या चोवीस तासांत फक्त एकच जागा होती जिथून वेळ काढायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती, ती म्हणजे झोप. ऑफिसचे तास हलत नाहीत, ट्रॅफिक हलत नाही, कॉल हलत नाही. झोप कोणाच्या कॅलेंडरवर नसते. ती चोरली तर कोणी ईमेल पाठवत नाही.

आणि हे प्रोग्रॅम विकतात ते नेमकं इथे. वेळ नाही? हरकत नाही, तीव्रता घ्या. मैदान नाही? दोन मीटर जागा पुरे. सोबत नाही? स्क्रीन आहे. तुमच्या आयुष्यातल्या कशालाच हात न लावता तुम्ही बदलाल, हा तो सौदा. मॅनेजरला काही विचारावं लागत नाही, नगरसेवकाला काही विचारावं लागत नाही. बदलायचं ते फक्त तुम्ही. म्हणूनच कंपन्यांना ही भाषा फार आवडते. आमच्या ऑफिसात ‘वेलनेस मंथ’ झाला, त्यात साठ दिवसांच्या चॅलेंजचा चॅनल निघाला, रोज सकाळी घामाचे सेल्फी. त्या महिन्यात एकही कॉल अर्ध्या तासानं अलीकडे आला नाही.

आणि हार झाली तर? तर ती तुमची. सौद्यात दुसरा पक्षच नाही ना. सतराव्या दिवशी सोडणाऱ्याला वाटतं की आपल्यात दम नाही. तो पुढच्या जानेवारीत परत येतो आणि पुन्हा पैसे भरतो. आपल्याला दम नाही असं वाटणारा माणूस हा या धंद्याचा सगळ्यात इमानदार गिऱ्हाईक आहे.

यात मोठी माणसंही हातभार लावतात. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, त्यावर आपण भरपूर मीम्स बनवले. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळानं खासगी आस्थापनांत दिवसाची कामाची मर्यादा ९ वरून १० तास आणि कारखान्यांत ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. त्यावर मीम्स कमी आले. आम्ही बहुतेक बर्पी मारत होतो.

*

हे सगळं मी ताईला फोनवर ऐकवलं, जरा भाषणाच्या सुरात. ताई नाशिकला असते, तीन वर्षांची मुलगी, सासू-सासरे, स्वतःची शाळेची नोकरी. तिनंही असाच एक प्रोग्रॅम केला होता आणि पूर्ण केला होता. साठच्या साठ दिवस.

ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “तुझं ठीक आहे रे. तू हाफपँट घालून ग्राउंडवर गेलास तर कोण बघणारे? मी पहाटे एकटी पळायला निघाले तर आधी घरातले विचारणार, मग कॉलनीतले बघणार, मग कुत्री मागे लागणार. मला बेडरूमचं दार लावून चाळीस मिनिटं कोणी हाक मारली नाही, एवढ्यासाठी मी तो केला. वजन तर दीड किलोच उतरलं.”

मी म्हणालो, पण म्हणजे तुलाही खरं तर मोकळा वेळ आणि मोकळा रस्ताच हवा होता, प्रोग्रॅम नाही.

“हो. पण रस्ता येईपर्यंत मी काय करू? तुझा लेख वाचत बसू?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. ज्या बाईला बंद दार हाच एकमेव आखाडा मिळतो, तिला मी काहीही सुनावणार नाही. तिच्याबाबतीत फक्त एक नोंदवून ठेवतो: तिला त्या चाळीस मिनिटांतली पहिली दोन-चार, चटई अंथरून नुसतं पडून राहण्याची, सगळ्यात आवडायची.

*

डॉक्टरांच्या त्या अपमानास्पद ‘चाला’कडे मी नंतर परत गेलो, आणि वाचायला लागलो. २००२ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवरचा. एका गटाला मेटफॉर्मिन ही गोळी, एका गटाला नुसती खोटी गोळी, आणि एका गटाला फक्त दोन लक्ष्यं: वजन ७ टक्के उतरवा, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याइतके हातपाय हलवा. खोट्या गोळीच्या तुलनेत डायबेटिस होण्याचं प्रमाण मेटफॉर्मिननं ३१ टक्क्यांनी घटलं. चालणाऱ्यांत ५८ टक्क्यांनी. आपल्या लोकांना हे लागू पडतं का? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं तसाच अभ्यास केला, तो २००६ मध्ये आला. तिथे खाण्यातला बदल आणि रोज अर्धा तास चालणं एवढ्यानं प्रमाण सुमारे साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटलं, गोळीपेक्षा किंचित जास्तच.

आठवड्याला १५० मिनिटं. दिवसाला वीस-बावीस. ओरडणारं कोणी नाही.

आणखी जुनं, १९५३ चं. लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. जेरी मॉरिस या डॉक्टरला दिसलं की दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पगार, युनिफॉर्म, बस, धूर, सगळं जवळपास सारखं. कंडक्टर काही पहाटे उठून बर्पी मारत नव्हते. त्यांचं काम त्यांना हलवत होतं. आपण सगळे ड्रायव्हर झालोय, आणि उपाय म्हणून कोणीतरी आपल्याला सांगतंय की ड्युटीच्या आधी उठून एक तास कंडक्टर व्हा.

बरं, चालायचं तर कुठे? आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर फुटपाथ आहे. त्यावर आधी ट्रान्सफॉर्मर, मग भेळेची गाडी, मग दोन बुलेट, मग एक उघडं गटार, आणि मग फुटपाथ संपतो. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ‘जॉगिंग ट्रॅक’ होता. तो पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांच्या बाहेरून रंगवलेली हिरवी पट्टी निघाला. एक फेरी चार मिनिटांची. सहा फेऱ्या झाल्या की झालं.

फक्त त्यासाठी रात्री जेवणानंतरचा अर्धा तास हवा. आणि तिथे साडेनऊचा कॉल.

*

मी मॅनेजरला विचारायचं ठरवलं. तीन दिवस मनात वाक्यं जुळवत होतो. रिपोर्टचं सांगायचं की नाही? अप्रेझल तोंडावर होतं. शेवटी सांगितलं. म्हणालो, ५.९ आलंय, आईला आहे, मला तो कॉल साडेसातला हवाय, तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, त्यांची तर ऑफिसची वेळ आहे.

तो बराच वेळ लॅपटॉपकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, “हा कॉल साडेनऊला कोणी ठेवलाय?”

आम्ही दोघांनी इन्व्हाइट उघडून बघितला. २०१९ चा. ज्यानं ठेवला होता तो २०२१ मध्येच कंपनी सोडून गेला होता. त्यानंतर नऊ माणसं त्या कॉलसाठी रोज रात्री जेवण उरकून लॅपटॉप उघडत होती, आणि एकानंही विचारलं नव्हतं. मीही चार वर्षं नाही. मी त्याऐवजी साठ दिवस पहाटे उठायला तयार झालो होतो.

इतका राग साठवून गेलो होतो, आणि समोर कोणी शत्रूच नाही. जरा वाईटच वाटलं.

तरी पूर्ण जिंकलो असं नाही. तिकडच्या एकीला सोमवार, बुधवार, शुक्रवार दहाला दुसरी मीटिंग होती. मंगळवार आणि गुरुवार साडेसातला आले, बाकीचे तीन साडेनऊलाच राहिले. टीममधल्या दोघांनी मला वेगळं गाठून थँक्यू म्हटलं. एकाचं बाळ चार महिन्यांचं आहे. दुसऱ्यानं कारण सांगितलं नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी मी हिरव्या पट्टीवर सहा फेऱ्या मारतो. काकू बाकावर असतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “बंद झालं का रे कांडप?” आता काकाही असतात, काठी घेऊन. अर्धी फेरी माझ्याबरोबर येतात आणि लिफ्टपाशी थांबतात.

उरलेल्या तीन रात्री मी कॅमेरा बंद करतो, हेडफोन लावतो आणि कॉलभर हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतो. पायात जाड मोजे घालून, म्हणजे खाली आवाज जात नाही.